टेकड्यांवर गुलमोहर कसले लावता, अंजन लावा!

सातपुडा_पायथा: पावसाळा तोंडावर आला. रोपांच्या यादीत पुन्हा गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया. धुळे-जळगावच्या मुरमाड टेकड्यांवर मुळात आपला अंजन होता, त्याचं नावही नाही. खडकाच्या भेगेत मूळ घालून हा मे महिना काढतो. गाभ्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, म्हणजे आरे बसतात तो मधला गोल ठोकळा, याचाच करायचे, सालीचे दोर वळायचे. हे झाड मूळचं आपल्याच मातीतलं, आणि आपण मात्र परदेशी रोपं लावत फिरतो.

बांधावरचा_शेतकरी: खरं शे भाऊ, पण टेकडी तुमची की सरकारची? माझ्या बांधावर लावला तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत अंजन आहे. माझंच झाड तोडायला मलाच परवानगी काढावी लागणार. मग सुबाभूळ काय वाईट? दोन-तीन वर्षांत सरपण देते. अंजनाचा पैसा नातू मोजेल.

चोपडा_तालुका: पैसा म्हणजे लाकूडच का? आमच्याकडे शेळ्यांचा उन्हाळा अंजनाच्या पाल्यावर निघतो. झाड छाटलं तरी फुटतं, बुंध्यापासून तोडलं तरी धुमारे येतात. पण हेही सांगतो, दरवर्षी ओरबाडलं की शेंगा धरत नाहीत आणि मग नवी रोपं येणार कुठून? 1878 च्या वन कायद्यानं जंगल राखीव झालं आणि पाला नेणारा गुन्हेगार ठरला. जंगल तरी वाचलं का?

रोपवाटिकावाला: एक अडचण कोणी बोलत नाही. अंजनाचं सोटमूळ झटपट खाली जातं, पिशवीत गुंडाळी होते आणि लावल्यावर रोप मरतं. फोटोपुरती लागवड करणाऱ्यांना हे झाड परवडत नाही. सुरुवातीची काही वर्षं वरचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो, खाली मूळ मात्र वाढत असतं. पाहणीला आलेला साहेब म्हणणार, रोप मेलं!

सातपुडा_पायथा: म्हणून बी थेट पेरा ना. शेंग चपटी, पंखासारखी, एकच बी, वाऱ्यावर उडते. चांगलं बी दरवर्षी धरत नाही, तीन-पाच वर्षांनी एकदा. त्या साली गोळा करायचं.

बांधावरचा_शेतकरी: आणि तोवर टेकडी राखणार कोण? चराईबंदी म्हटलं की चोपडावाले दादाच पहिले भांडतील.

चोपडा_तालुका: भांडणारच. निम्मी टेकडी बंद करा, निम्मी चरायला द्या, मग बोलू.