मदत हवी आहे: झाडबेडकाने खाणे सोडले असून त्याचा मागचा पाय थरथरतो

नमस्कार. माझ्याकडे एक हिरवा झाडबेडूक आहे. 'रॅनॉइडिया सेरुलिया' ही त्याची जात. मूळची ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतली, अंगाने गुबगुबीत आणि स्वभावाने शांत. तो बंदिवासातच जन्मलेला असून वय सुमारे १४ महिने, तर लांबी जवळजवळ ६ सेंमी आहे. ही जात नीट सांभाळल्यास १५ वर्षांहून अधिक जगते, हे ठाऊक असूनच मी त्याला घरी आणले होते. म्हणूनच दीड वर्षाच्या आत त्याची अशी अवस्था व्हावी, याचा दोष माझ्या व्यवस्थेत कुठेतरी असणार असे मला वाटते. तो शोधण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

गेल्या बारा दिवसांत त्याने एकही किडा खाल्लेला नाही. बेडूक अधूनमधून खाणे टाळतात आणि थोडी वाट पाहावी, हे मी वाचले आहे. पण चार दिवसांपूर्वी जे दिसले, त्यानंतर वाट पाहण्याचा धीर उरलेला नाही. रात्री दिवा मालवल्यावर तो नेहमीप्रमाणे काचेवर चढू लागला. पुढची बोटे काचेला घट्ट चिकटली, मात्र डावा मागचा पाय वर ओढताना मांडीपासून बोटांपर्यंत बारीक थरथर आली, बोटे आखडली आणि त्यांच्या टोकांच्या चकत्या काचेवरून सुटल्या. तो खाली पडला नाही, पोट काचेला टेकवून तसाच थांबला आणि मग हळूहळू उतरला. त्यानंतर रोज रात्री हेच घडते आहे. शिवाय दिवसा तो हिरवा न राहता बराच वेळ तपकिरी दिसतो. पोटावर किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूस लाली नाही, जखम नाही, डोळे स्वच्छ आहेत आणि कात तो नियमित टाकतो.

काचपेटी ४५ सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच आहे. तापमान दिवसा २६ ते २८ आणि रात्री २१ ते २२ अंश सेल्सिअस असते. आर्द्रता ५५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहते. पूर्वी ती सारखी खाली जात असे, म्हणून चार महिन्यांपूर्वी वरचे जाळीचे झाकण काढून काचेचे बसवले, तेव्हापासून ती स्थिर आहे. तळाशी मोठे खडे किंवा भुसा नाही, कारण किड्याबरोबर ते गिळले गेले तर आतड्यात अडकतात. पाण्याच्या बाबतीत मी विशेष काळजी घेते, कारण बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेतून शोषून घेतो, आणि पाण्यात जे असेल तेही त्याबरोबर अंगात जाते. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन तसाच राहतो. म्हणून दोन्ही काढून टाकणारे द्रावण घातलेलेच पाणी मी वापरते आणि वाटी रोज रात्री बदलते.

खाण्यात मुख्यतः रातकिडे आणि कधीकधी डुबिया झुरळे असतात. देण्याआधी एक दिवस किड्यांना हिरवा पाला व गाजर खाऊ घालते आणि त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरवते. काचपेटीवर अतिनील-बी किरणांची नळी रोज दहा तास चालू असते, आणि त्या किरणांनी बेडकाच्या त्वचेतच ड-३ जीवनसत्त्व तयार होते, त्यामुळे ते नसलेली साधी पावडर पुरेशी आहे असे मी समजत होते.

हे कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण असू शकते का? तसे असेल तर रोज पावडर देऊन आणि नळी लावूनही कमतरता कशी झाली, हे मला उलगडत नाही. तोंड उघडून बळेच किडा भरवावा, असा सल्लाही मिळाला आहे. तो मानावा का? पशुवैद्यांची वेळ परवाची मिळाली आहे, तोवर घरी काय करावे आणि काय टाळावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद:

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत म्हणूनच कारणाकडे बोट दाखवता येते आहे. चार महिन्यांपूर्वी आपण जाळीचे झाकण काढून काचेचे बसवलेत आणि नळी त्या काचेच्या वर आहे, असे मी धरून चालतो. साध्या काचेतून प्रकाश येतो, पण अतिनील-बी किरण जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे नळी चालू दिसत असली तरी चार महिने बेडकाला तिचा काहीच उपयोग झालेला नाही. त्याच काळात पावडरीतही ड-३ नव्हते. ड-३ नसले की आतड्याला कॅल्शियम शोषता येत नाही. आपण कितीही पावडर दिली तरी ती शरीराला लागत नाही. मग रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते, आणि तेही पुरेनासे झाले की स्नायू थरथरतात, बोटे आखडतात. आतडेही स्नायूंचेच असल्याने ते मंदावते. खाणे सुटण्याचा संबंध कदाचित इथेच असेल. नक्की निदान मात्र क्ष-किरण चित्र आणि तपासणीनंतर पशुवैद्यच करतील.

बळेच भरवू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. हाडे मऊ झाली असतील तर तोंड उघडताना जबडा वाकेल किंवा मोडेल. जबड्याचा मऊपणा बोटाने दाबूनही पाहू नका. काचेचे झाकण आजच काढून जाळीचे बसवा, आणि आर्द्रता राखण्यासाठी जाळीचा केवळ अर्धा भाग झाका, नळीखालचा नको. उंच फांद्या काढून घ्या, म्हणजे पडून हाड मोडण्याचा धोका राहणार नाही. ड-३ची पावडर मनाने भरपूर देऊ नका, कारण ते जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अति झाल्यास घातक ठरते. हाताळायची वेळ आलीच तर पावडर नसलेले हातमोजे क्लोरीनमुक्त पाण्यात ओले करून घाला.

आणखी एक गोष्ट. रातकिडे संध्याकाळी सोडून रात्रभर तसेच ठेवत असाल तर ती सवय बदला. ते अंग साफ करत राहतात आणि थोड्याच वेळात पावडर निघून जाते, आणि रातकिड्यांत मुळात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी पट जास्त असतो. शिवाय भुकेले रातकिडे अशक्त बेडकाला चावतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद:

आपला तर्क बरोबर होता. नळी काचेच्या वरच होती. झाकण बदलताना चार महिन्यांत आर्द्रतामापकाकडे मी रोज पाहिले, पण काचेतून काय अडते याचा विचार एकदाही केला नाही, याचे मला फार वाईट वाटते. रातकिडेही मी रात्रभर आत ठेवत होते.

काल पशुवैद्यांकडे जाऊन आले. क्ष-किरण चित्रात मागच्या पायांची हाडे फिकट आणि पातळ दिसली, पण कुठेही मोडलेली नाहीत. त्यांनी तोंडाच्या कडेने थेंबाथेंबाने देण्याचे द्रवरूप कॅल्शियम आणि ड-३ मोजून दिले आहे, आणि त्वचेवरील बुरशीच्या तपासणीसाठी कापसाच्या बोळ्याने नमुनाही घेतला आहे. खालचा जबडा किंचित मऊ आहे, त्यामुळे भरवायचे नाही हे त्यांनीही बजावले. पहिला थेंब ओठाच्या कडेला लागताच त्याने डोळे आत ओढून तो गिळला.

जाळीचे झाकण बसवले असून आर्द्रता आता पन्नासच्या आसपास आहे. फांद्या काढून तळापासून १० सेंमी उंचीवर एकच रुंद साल आडवी ठेवली आहे. आता एकाच गोष्टीबद्दल विचारायचे आहे. जाळीही अतिनील-बीचा काही भाग अडवते, आणि साल इतकी खाली ठेवल्यामुळे नळीपासूनचे अंतर बरेच वाढले आहे. तर बरा होईपर्यंत नळी काचपेटीच्या आत, पण बेडकाला स्पर्श होणार नाही अशा जाळीच्या पिंजऱ्यात, खाली आणावी, की अतिनील किरण मोजणारे उपकरण मिळवून सालीवरचे प्रमाण आधी पाहावे? ज्यांनी अशा आजारातून बेडूक बरा केला आहे, त्यांनी नळी आणि बेडूक यांत किती अंतर ठेवले होते, हे कृपया कळवावे.