जुना नक्षीदार ब्लॅकलेटर फॉन्ट ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

वडिलांच्या ग्रंथसंग्रहासाठी अनेक वर्षांपूर्वी मी घरच्या लेझर प्रिंटरवर पुस्तकांच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवायच्या मालकी-चिठ्ठ्या छापल्या होत्या. त्यांवर 'एक्स लिब्रिस' (लॅटिनमध्ये 'अमुक यांच्या पुस्तकांपैकी') हे शब्द आणि खाली वडिलांची 'के' व 'जी' ही आद्याक्षरे एका नक्षीदार ब्लॅकलेटर फॉन्टमध्ये, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय हस्तलिखितांसारख्या जाड, कोनदार रोमन अक्षरांत आहेत. निम्म्या पुस्तकांना त्या लागल्या. उरलेल्या पुस्तकांना आता त्याच वळणाच्या चिठ्ठ्या लावायच्या आहेत. परंतु तो संगणक केव्हाच बंद पडला आणि फॉन्टची फाइलही त्याच्याबरोबर गेली. चार छापलेल्या पण न वापरलेल्या चिठ्ठ्या आणि वहीत टिपून ठेवलेले फाइलचे नाव एवढाच आधार माझ्याकडे आहे.

ते नाव 'जीओटीएचओआरएन१' असे असून त्यापुढे 'टीटीएफ' ही ट्रूटाइप प्रकारच्या फॉन्ट-फाइलची खूण आहे. विंडोजमध्ये ट्रूटाइप फॉन्टची सोय १९९२ साली ३.१ या आवृत्तीबरोबर आली आणि विंडोज ९५ येईपर्यंत फाइलचे नाव आठ अक्षरांतच बसवावे लागे. त्यामुळे ही फाइल साधारण त्या काळातली असावी आणि मूळ नाव 'गॉथिक ऑर्नेट' किंवा तत्सम असावे, असा माझा तर्क आहे. 'गॉथिक' या शब्दाने शोध घेतला की मात्र घोटाळा होतो, कारण अमेरिकी मुद्रणव्यवहारात हा शब्द फ्रँकलिन गॉथिकसारख्या साध्या, सेरिफ (रेघांच्या टोकांना असणाऱ्या छोट्या आडव्या रेघा) नसलेल्या अक्षरांसाठी रूढ आहे, तर ब्लॅकलेटर अनेकदा 'ओल्ड इंग्लिश' किंवा 'टेक्स्ट' या नावांखाली सापडतो. शिवाय एकच वळण निरनिराळ्या नावांनी विकले जात असे, म्हणून केवळ नावावर विसंबून चालणार नाही.

आता अक्षरांविषयी. लहान अक्षरे उभट, अरुंद आणि एकमेकांना खेटून आहेत. 'आय' आणि 'आर' यांचे पाय रुंद टोकाच्या बोरूने टेकवल्यासारखे पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात संपतात आणि 'बी'चे पोट गोल न होता कोन करून मिटते. म्हणजे फ्राक्टुर किंवा रोटुंडा ही ब्लॅकलेटरची अधिक वळणदार, गोलसर घराणी नव्हेत, तर गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास ४२ ओळींच्या बायबलसाठी वापरले त्या टेक्स्टुरा घराण्यातले हे वळण आहे. खरी खूण मोठ्या अक्षरांत आहे. 'ई' आणि 'जी' यांच्या पोकळीतून दोन बारीक समांतर रेषा उभ्या जातात आणि त्यांच्या मधोमध एक छोटे तीन पाकळ्यांचे पान आहे. 'एल'च्या डाव्या कडेला तीन काटे आहेत आणि त्याची तळरेघ वेलीसारखी वर वळते. मोठ्या अक्षरांत एवढी नक्षी असताना लहान अक्षरे पूर्ण साधी ठेवलेली आहेत, आणि मला तेच फार आवडते.

ओल्ड इंग्लिश टेक्स्ट आणि क्लॉइस्टर ब्लॅक हे फॉन्ट मी ताडून पाहिले. बांधणी जवळची आहे, पण पान नाही. गाउडी टेक्स्ट (१९२८) फारच संयत वाटला. फेटे फ्राक्टुर (१८५०) जाड असून घराणेही वेगळे आहे. छायाचित्रावरून फॉन्ट ओळखणाऱ्या दोन संकेतस्थळांनी प्रत्येक वेळी वेगळेच नाव सुचवले. अक्षरे एकमेकांना चिकटलेली असल्याने त्यांना ती सुटी करता येत नसावीत.

चिठ्ठी स्कॅन करून अक्षरे गिरवण्याचाही प्रयत्न केला. जुना प्रिंटर ३०० डीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके छापणारा) होता, म्हणजे एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा, आणि त्या समांतर रेषा जेमतेम एका ठिपक्याच्या जाडीच्या आहेत. गिरवताना त्या दातेरी होतात आणि शाई शोषणाऱ्या कागदावर इंकजेटने छापल्या की एकमेकींत मिसळतात. शिवाय चिठ्ठीवर वर्ष घालायचे आहे आणि माझ्याजवळच्या नमुन्यात एकही आकडा नाही.

ही पानाची खूण कोणी पाहिली असेल, तर कृपया फॉन्टचे नाव सांगावे. मूळ फॉन्ट शिशाच्या खिळ्यांच्या (छपाईसाठी ओतलेल्या सुट्या अक्षरांच्या) काळातला असून नंतर संगणकावर आणला गेला असेल, तर मूळ खिळ्यांचे नाव कळले तरी पुढचा शोध मला घेता येईल. तो विकत मिळत असल्यास रीतसर परवाना घेण्याची माझी तयारी आहे. १२०० डीपीआयवर केलेले चारही मोठ्या अक्षरांचे स्कॅन तयार आहेत. पाहू इच्छिणाऱ्यांना ते लगेच पाठवीन.