जुन्या सी प्रोग्रॅममधील कंपायलरचे जुगाड काढताना ‘व्होलाटाइल’पाशी अडलो आहे

नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातील एका जिनिंगच्या वजनकाट्यावरचा पावती छापण्याचा प्रोग्रॅम सांभाळतो. तो टर्बो सी मध्ये लिहिला गेला, पुढे व्हिज्युअल सी++ ६ वर आला आणि आता जीसीसी १४ या कंपायलरवर (सी मधील प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत बदलणारे साधन) न्यायचा आहे. प्रत्येक वेळी त्या-त्या कंपायलरची उणीव झाकणारे जुगाड त्यात साचत गेले असून, दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागण्यापूर्वी ते काढायचे आहेत.

जुन्या १६-बिट मेमरीसाठी लागणारे ‘फार’ व ‘ह्यूज’ पॉइंटरांचे मॅक्रो सहज गेले. मजकूर जुळवणारे जुने ‘_एसएनप्रिंटएफ’ फंक्शन बफर (मजकुराची राखीव जागा) भरल्यावर शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेले शून्य लावत नसे, म्हणून प्रत्येक कॉलखाली ते हाताने भरलेले होते. सी९९ (सी भाषेचे १९९९ चे मानक) प्रमाणे वागणारे फंक्शन आता उपलब्ध असल्याने त्या ओळीही काढल्या.

अडचण रक्कम काढणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. तिथे मधली बेरीज ‘व्होलाटाइल डबल’मध्ये ठेवली असून (डबल म्हणजे दशांश संख्येचा प्रकार; व्होलाटाइल म्हणजे ती दर वेळी मेमरीतच लिहा-वाचा अशी कंपायलरला सूचना) वर “कंपायलरची चूक, काढू नये” एवढीच टीप आहे. माझ्या समजुतीप्रमाणे एक्स८७ (प्रोसेसरचा दशांश गणिताचा जुना भाग) याचे रजिस्टर ८० बिटांचे आणि मेमरीतले डबल ६४ बिटांचे असल्यामुळे उत्तर ऑप्टिमायझेशनप्रमाणे (कंपायलर प्रोग्रॅम किती वेगवान करतो त्यानुसार) बदलत असे, आणि व्होलाटाइलमुळे ते सक्तीने मेमरीत जाऊन ६४ बिटांवर येई. म्हणजे चूक म्हणण्यापेक्षा तो त्या प्रोसेसरचा स्वभाव होता. ६४-बिट संगणकावर गणित एसएसई२ या नव्या भागावर, ६४ बिटांतच होत असल्याने तिथे तो शब्द काढूनही फरक पडला नाही. दुसऱ्या फाटकावरच्या ३२-बिट पेंटियम ४ वर मात्र ऑप्टिमायझेशनचा ‘-ओ२’ पर्याय लावून मागील हंगामाची वजने पुन्हा चालवली, तेव्हा तीन पावत्यांत एक रुपयाचा फरक आला. तिन्ही रकमा ५० पैशांच्या काठावर होत्या. रक्कम कमीजास्त दिसली की शेतकरी काट्यावरच हिशेब मागतो, आणि तो मागणे रास्तच आहे.

गणित एसएसई२ वर करायला सांगणारे ‘-एमएसएसई२ -एमएफपीमॅथ=एसएसई’ हे पर्याय दिल्यास व्होलाटाइल निर्धास्तपणे काढता येईल का? ३२-बिट पद्धतीत फंक्शनचे डबल उत्तर एक्स८७ रजिस्टरमधूनच परत येते, म्हणून शंका आहे.

दुसरा मार्ग पूर्णांकांचा आहे: किलो गुणिले क्विंटलचा रुपयांतील भाव म्हणजे थेट पैसे. आर्द्रतेची कपात एका दशांश स्थळापर्यंतच्या टक्क्यात असते, त्यामुळे तीही पूर्णांकांत बसते. परंतु जुन्या पावतीची दुसरी प्रत काढताना पूर्वीचीच रक्कम यायला हवी, आणि अर्ध्या रुपयाच्या काठावर जुने डबल कुठे झुकले असेल हे पूर्णांकांना कळणार नाही. ज्यांनी असा बदल केला आहे त्यांनी जुन्या पावत्यांसाठी आधीचे गणित वेगळे ठेवले, की छापलेली रक्कमच साठवून ठेवली?