कॉलेजात शिकलेले आणि साइटवर लागलेले
‘कॉलेजात शिकलेले नोकरीत लागतच नाही’ असे एक मत नेहमी ऐकू येते; रोजच्या कामापुरते ते मला मान्य आहे. बांधकामाच्या साइटवरचे बहुतेक ज्ञान मला मिस्त्रींनीच दिले. पण एका शेडमधला मधला खांब काढून, पर्लिनचा (छताचा पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या लोखंडी तुळईचा) सेक्शन, म्हणजे आकार व जाडी, तोच ठेवून तिचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, ३ मीटरचे ६ मीटर करायचे ठरले, तेव्हा अनुभवी फॅब्रिकेटरने तिचा भाराखालचा वाक फार तर दुप्पट होईल असे धरले होते. दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या तुळईवर भार सारखा पसरलेला असेल, तर वाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे येथे लांबी दुप्पट झाल्याने २×२×२×२ = १६ पट, हे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी फळ्यावर सोडवलेले असल्यामुळेच मी ते काम थांबवू शकलो. असे प्रसंग क्वचित येतात, हे खरे. मात्र त्या पत्र्याखाली रोज माणसे काम करणार होती.