बर्फाचा सल्ला ऑक्सॅलिप्लॅटिनला चालत नाही

तोंड येऊ नये म्हणून केमो चालू असताना बर्फ चघळावा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. नुसतं फाइव्ह-एफयू हे केमोचं औषध शिरेतून झटक्यात देतात तेव्हा हे बरोबर आहे. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला बऱ्याचदा त्याच्या जोडीला ऑक्सॅलिप्लॅटिन हे दुसरं केमोचं औषध असतं, आणि तिथे बर्फ नकोच. या औषधानंतर काही दिवस नसा थंडीला भलत्याच हळव्या होतात. माझ्या मावशीने फ्रिजमधली दुधाची पिशवी नुसती उचलली, तर बोटांत सुया टोचल्यासारख्या मुंग्या आल्या. गार पाण्याच्या घोटाने घशात आवळल्यासारखं होऊन श्वास अडकल्याचा भास होतो, माणूस पार घाबरतो. हा भास बहुतेकदा कोमट पाण्याने निवळतो. पण खरंच दम लागला, अंगावर पुरळ किंवा सूज आली तर ती ॲलर्जी असू शकते, लगेच दवाखाना गाठा.

आणखी एक. ऑक्सॅलिप्लॅटिनचं इंजेक्शन सलाइनमध्ये (म्हणजे मिठाच्या पाण्यात) मिसळत नाहीत, मिठातल्या क्लोराइडमुळे ते खराब होतं. म्हणून ५ टक्के डेक्स्ट्रोजमधून (म्हणजे ग्लुकोजच्या पाण्यातून) देतात. मधुमेह्यांचे नातेवाईक ग्लुकोजची बाटली बघून नर्सशी वाद घालतात (आम्हीही घातला). शुगर तपासत राहा, बाटली बदलायला सांगू नका. थंडीच्या मुंग्या जातात, पण पुढच्या डोसपर्यंत बधिरपणा टिकला, ब्लाउजचे हूक लावता येईनासे झाले, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. डोस कमी करायचा की थांबवायचा हे त्यावरच ठरतं, आणि औषध बंद केल्यावरही हा बधिरपणा काही महिने वाढू शकतो.