ड्रिफ्ट (वाऱ्याने माथा सरकणं) पास, पण वरच्या मजल्यांवर प्रवेग (झोक्याचा हिसका) जास्त. शिअर वॉल (आडवा जोर घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंती) जाड करू का?

प्रश्न
मुंबईतला 180 मीटरचा आरसीसी निवासी टॉवर, अरुंद बाजू 20 मीटर. ड्रिफ्ट एच/500 मध्ये (उंचीच्या पाचशेव्या भागात) बसतो. पण विंड टनेल (मॉडेलवर वारा सोडून केलेली चाचणी) अहवालात 10 वर्षांच्या वाऱ्याला (सरासरी 10 वर्षांत एकदा येणाऱ्या) वरच्या मजल्यावर प्रवेग 19 मिली-जी (गुरुत्व प्रवेगाचे हजारांश) आलाय. फ्रिक्वेन्सी (सेकंदाला झोके) 0.20 हर्ट्झ, डॅम्पिंग (झोका विरवण्याची क्षमता) 1.5 टक्के. भिंती 100 मिमीने जाड केल्या तर भागेल का?

उत्तर 1
फारसं हाती लागणार नाही. जाडीबरोबर वजनही वाढतं, फ्रिक्वेन्सी जेमतेम हलते. उंच इमारतींच्या भारतीय मानकाची, आयएस 16700 ची, निवासी मर्यादा 0.15 मी./से.², म्हणजे साधारण 15 मिली-जी. हा प्रश्न माणसांच्या त्रासाचा आहे, मजबुतीचा नाही. म्हणूनच कामगिरीवर आधारित डिझाइनमध्ये (प्रत्येक पातळीच्या वाऱ्याला इमारत कशी वागावी हे ठरवून केलेल्या) झोक्यासाठी 1 ते 10 वर्षांचा वारा घेतात, सांगाड्यासाठी 700 किंवा त्याहून जास्त वर्षांचा. दोन्हींचं डॅम्पिंगही वेगळं. मजबुतीचे 2 टक्के इथे लावले तर आकडा खोटाच कमी दिसतो, तुमचे 1.5 बरोबर आहेत.

प्रवेग कुठल्या दिशेचा आहे तेही बघा. वाऱ्याला आडवा असेल तर इमारतीच्या बाजूंनी आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांचं काम आहे. त्यांचा ठेका इमारतीच्या फ्रिक्वेन्सीशी जुळतो तो वेग: फ्रिक्वेन्सी × रुंदी ÷ स्ट्राउहल अंक (चौकोनी आकाराला साधारण 0.1), म्हणजे 0.20 × 20 ÷ 0.1 = 40 मी./से. माथ्यावरचा वारा याच्या जवळ येत असेल तर कोपरे बाजूच्या 10 टक्के छाटून पुन्हा चाचणी करा.

उत्तर 2
कोपऱ्यांना आर्किटेक्ट तयार नसेल तर डॅम्पिंग वाढवा. प्रवेगाचा अनुनादी भाग (इमारत स्वतःच्या फ्रिक्वेन्सीत झुलल्याने येणारा) डॅम्पिंगच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो: एकूण 3 टक्के झालं तर 19 चे साधारण 13.5. त्यासाठी गच्चीवर झोक्याच्या दिशेने 6 मीटर लांबीच्या टाक्या ठेवा, पाणी 60 सेंमी, म्हणजे पाण्याचा हेलकावा इमारतीइतकाच 0.20 हर्ट्झचा होतो. आत उभ्या जाळ्या हव्यातच, नाहीतर पाणी नुसतं डुचमळतं, ऊर्जा खात नाही.

प्रश्नकर्ता
गच्चीवर घरगुती पाण्याची टाकी आहेच. तीच चालेल?

उत्तर 2
नाही. पाणी 10 सेंमी उतरलं की 0.18 हर्ट्झ, सूर बिघडला. काठोकाठ भरली तर हेलकाव्याला जागाच नाही. फायर टँक चालेल, पण पाण्यावर मोकळी जागा आणि पातळी कायम राखायची सोय हवी.

आणखी एक, टाकीची भिंत उंच ठेवा. प्रत्यक्ष इमारत मॉडेलपेक्षा बहुधा ताठ निघते. सांगाडा आणि वीटकाम पुरं झाल्यावर गच्चीवर अॅक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारं यंत्र) ठेवून फ्रिक्वेन्सी मोजा, 0.23 निघाली तर पाणी 82 सेंमी लागेल.