हेडलाइटची धुरकट काच घरी साफ करावी की नवीन असेंब्ली (काचेसह संपूर्ण हेडलाइट) बसवावी?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर)
नमस्कार. माझी गाडी दहा वर्षांहून जुनी असून ती उघड्यावरच उभी असते. तिच्या दोन्ही हेडलाइटच्या काचा पिवळट झाल्या आहेत आणि डावी बाजू, जिच्यावर दुपारनंतरचे ऊन येते, ती अधिक खराब आहे. रात्री धुळ्याकडे जाताना मानपूरच्या घाटात समोरून ट्रक आला की रस्त्याची कड दिसेनाशी होते. गॅरेजवाल्याने दोन्ही असेंब्ली बदलण्यास सांगितले. शेजारी टूथपेस्ट सुचवतात, तर कोणी मच्छर-स्प्रे. घरी केलेले काम टिकते का?

उत्तर १
ज्याला आपण काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. त्याच्यावर कारखान्यात अतिनील किरण अडवणारा एक पातळ, टणक थर दिलेला असतो. उन्हाने तो थर झिजला की खालचे प्लास्टिक पिवळे पडते आणि पृष्ठभाग खडबडीत होऊन प्रकाश पुढे जाण्याऐवजी विखुरतो. काही खर्च करण्यापूर्वी काच पाण्याने ओली करून पाहावी. ओली असताना ती स्वच्छ दिसली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि काम घरी होण्यासारखे आहे. ओली होऊनही धुरकटच राहिली, तर दोष आत किंवा खोल आहे आणि घासून उपयोग नाही.

टूथपेस्टने सौम्य घासले जाते, म्हणून चमक येते. परंतु संरक्षक थर परत येत नसल्याने काही आठवड्यांतच पिवळेपणा पुन्हा दिसू लागतो. डीट (डास पळवणारे रसायन) असलेला मच्छर-स्प्रे मात्र कृपया वापरू नये. तो प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, त्यामुळे क्षणभर चकाकी येते खरी, पण नंतर काच आणखी बिघडते. थिनर आणि पेट्रोल यांचेही तेच.

उत्तर २
पद्धत अशी. हेडलाइट बंद आणि थंड असताना भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप दुहेरी लावावी, अन्यथा बंपरवर ओरखडे पडतात. पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून ८०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यासह वापरायच्या घासकागदाने; नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासावे. आधी पिवळसर पाणी उतरते; ते पांढरे आणि सर्वत्र एकसारखे येऊ लागले की जुना थर निघाला असे समजावे. येथे घाई करू नये, कारण कडेला थोडा जुना थर राहिला तर वरून देण्याच्या नव्या संरक्षक लेपाखाली त्याची रेघ दिसते. पुढे १०००, १५०० आणि २००० नंबरचे कागद वापरावेत आणि प्रत्येक वेळी दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे राहिले आहेत की नाही हे लगेच कळते. शेवटी काच दुधी दिसेल. त्याने घाबरू नये. क्लिअर कोटचा (पारदर्शक संरक्षक लेपाचा) स्प्रे मारायचा असेल तर तो हे बारीक ओरखडे भरून काढतो, त्यामुळे पॉलिशची गरजही उरत नाही. हे कागद इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळतात.

उत्तर ३
मी थोडा असहमत आहे. स्प्रे घरी नीट बसत नाही, ओघळ येतात. पॉलिश करून दर काही महिन्यांनी मेण लावले तरी चालते.

उत्तर ४
चालते, पण मेण चुकले की काच उघडी पडते, आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला ते परवडत नाही. अतिनील-रोधक क्लिअर कोटच घ्यावा. तो देण्याआधी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत. ओघळ बहुधा जाड थरामुळेच येतात. पावसाळ्यात हे काम करू नये, आणि मे महिन्यातील धुळीतही नको. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. टू-के (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या) प्रकारच्या स्प्रेमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते, म्हणून योग्य मास्क लावून मोकळ्या जागेतच मारावा. कारखान्यातल्या थराइतके आयुष्य मात्र अपेक्षू नये.

प्रश्नकर्ता
डावी काच ओली केल्यावर स्वच्छ दिसली. उजवीच्या आत मात्र पाण्याचे थेंब आहेत.

उत्तर १
उजवी घासू नका. आधी मागचे रबरी झाकण तपासा. बल्ब बदलताना ते नीट न बसल्याने ओल शिरते. झाकण ठीक असेल तर काच व हेडलाइटचा मागचा साचा यांमधील सील गेले असावे. आतला चकचकीत परावर्तकही पाहा. तो काळवंडला असेल तर बाहेरून कितीही मेहनत घेतली तरी प्रकाश वाढणार नाही, आणि त्या एका बाजूपुरते गॅरेजवाल्याचे म्हणणे योग्य ठरते.